सदरकरांनो, टीडीएस मोजणं थांबवा, पाणी तपासा

उन्हाळा तोंडावर आला की आपल्या भागातल्या कुठल्या ना कुठल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक प्रश्न हमखास येतो. "नवीनच राहायला आलोय. सदरमधलं पाणी हार्ड आहे का हो? कोणता आरओ घ्यावा?" मग उत्तरांचा पाऊस पडतो. कोणी कंपनीचं नाव सांगतो, कोणी मेव्हण्याचा नंबर देतो, कोणी पांढऱ्या पडलेल्या नळाचा फोटो टाकतो, कोणी टीडीएस मीटरचा आकडा लाल गोल करून पाठवतो. शेवटी एक काका लिहितात, "नागपूरचं पाणीच खराब आहे." त्याला सतरा अंगठे पडतात आणि चर्चा संपते.

या सगळ्यात एकही माणूस विचारत नाही : कोणतं पाणी?

मी आज थोडं लांब आणि थोडं कडू लिहिणार आहे. राग आला तर खाली कमेंटमध्ये काढा, पण आधी शेवटपर्यंत वाचा. माझं म्हणणं एका ओळीत असं : आपल्या नळाचं पाणी मुळात जड नाही, ते जड होतं आपल्याच बिल्डिंगीच्या टाकीत; आणि त्या जडपणाच्या भीतीपोटी आपण प्रत्येकाने भिंतीवर एकेक मशीन लावून घेतल्यामुळे खरा धोकादायक प्रश्न विचारणारं कोणी उरलेलं नाही.

आधी कोणतं पाणी ते ठरवा

सदरमध्ये घरात तीन पाणी येतात. एक नळाचं, दुसरं बोअरचं, तिसरं टँकरचं किंवा कॅनचं. तिन्ही बादलीत सारखीच दिसतात, पण त्यांचं कूळ वेगळं आहे.

नळाचं पाणी येतं मुख्यतः पेंचमधून. तोतलाडोहच्या धरणात साठलेलं पावसाचं पाणी खाली नवेगाव खैरीला येतं, तिथून चाळीसेक किलोमीटरचा प्रवास करून शुद्धीकरण केंद्रात, आणि मग टाक्यांमधून तुमच्या-माझ्या गल्लीत. यातलं गोरेवाड्याचं केंद्र तर आपल्या उशाशी आहे. गोरेवाडा तलाव १९१२ चा. त्याच्याही आधी, १८७० पासून, शहर अंबाझरीचं पाणी प्यायचं. म्हणजे दीडशे वर्षं नागपूरला मोठ्या प्रमाणावर पाजलंय ते उघड्यावर साठवलेलं पाणी. असं पाणी खडकात वर्षानुवर्षं मुरत बसलेलं नसतं. त्यात चुना-मॅग्नेशियम विरघळायला फारसा वेळच मिळत नाही. म्हणून ते स्वभावाने सौम्य असतं. आपले आजी-आजोबा त्याला 'गोडं पाणी' म्हणायचे.

बोअरचं उलट. नागपूरच्या पश्चिमेला ट्रॅपचा काळा खडक, पूर्वेला नाइससारखे जुने खडक, मध्ये वाळूखडक आणि चुनखडीचे थर. अशी खिचडी असलेली शहरं फार थोडी. एकोणिसाव्या शतकात इथे आलेला मिशनरी स्टीफन हिस्लॉप याच खडकांवर हातोडी घेऊन हिंडला, आपल्या शेजारच्या टाकळीत त्याला जीवाश्म सापडले. ज्याच्या नावाच्या कॉलेजात सदरची अर्धी पोरं शिकली, तोच हा हिस्लॉप. तर या खडकांच्या फटीतून झिरपणारं पाणी जाता जाता कॅल्शियम आणि मॅग्नेशियम उचलत जातं. जितकं खोल, जितकं जुनं, तितकं साधारणपणे जास्त. जुन्या वाड्यांत म्हणूनच 'गोडी विहीर' आणि 'खारी विहीर' वेगळी असायची. पिण्याची एक, वापरायची दुसरी. त्या निरक्षर म्हाताऱ्यांना कळत होतं ते आपण ग्रॅज्युएट लोक विसरलो.

मग टाकीत काय होतं?

आता तुमच्या बिल्डिंगीच्या खालच्या टाकीचं झाकण उघडून बघा. खरंच बघा. किती नळ्या आत पडतात ते मोजा.

आमच्या बिल्डिंगीत दोन पडत होत्या. एक नळाची, एक बोअरची. नळाचं पाणी कमी आलं की वॉचमन बोअर चालू करायचा, टाकी भरली की बंद करायचा. वरच्या टाकीत दोन्हींचं मिश्रण जायचं, तिथून अठरा फ्लॅटच्या किचनमध्ये. मीटिंगमध्ये मी विचारलं की पिण्याच्या टाकीत बोअर कोणी जोडली? कोणालाच आठवेना. शेवटी जुन्या सेक्रेटरींनी सांगितलं की २०१९ च्या उन्हाळ्यात.

ते साल आठवतं ना? तोतलाडोहने तळ गाठला होता. वर छिंदवाड्यात चौराईचं धरण झालं, खाली येणारं पाणी घटलं, त्यात पावसाने दडी मारली. जुलै उजाडला तरी आभाळ कोरडं. महापालिकेला एक दिवसाआड पाणी द्यायची वेळ आली. नागपूरसारख्या शहराने असं कधी पाहिलं नव्हतं. घाबरून बिल्डिंगींनी बोअर खोदल्या, होत्या त्या खोल केल्या, आणि दुसरी टाकी बांधायला पैसा आणि वेळ दोन्ही नाही म्हणून नळी सरळ आहे त्या टाकीत सोडली. संकट गेलं. पाऊस आला. नळी राहिली.

साधं गणित आहे. गोड पाण्यात खारं पाणी अर्धं-अर्धं मिसळलं तर जडपणा दोघांच्या मधोमध येणार. ज्या दिवशी बोअर जास्त चालली त्या दिवशी जास्त. म्हणूनच एकाच गल्लीत एका घरी साबणाला फेस येतो आणि समोरच्या घरी येत नाही. मुख्य लाइन एकच आहे, बाप्पा. फरक टाकीचा आहे.

विश्वास नसेल तर घरी करून पाहा, पैसा लागत नाही. तीन सारख्या बाटल्या घ्या. एकीत थेट मेन लाइनच्या नळाचं पाणी, जे टाकीत जाण्याआधी भरता येतं. दुसरीत किचनच्या नळाचं. तिसरीत एसीच्या पाइपातून टपकणारं पाणी, ते जवळपास पावसासारखं असतं. तिन्हींत अंगाच्या साबणाचा सारखाच किस टाका आणि सारखंच हलवा. साबणच घ्या, शाम्पू किंवा भांड्याचं लिक्विड नको, ते जड पाण्यातही फेस करतं. जिथे फेस उभा राहतो ते पाणी सौम्य. जिथे दह्यासारखा पांढरा चोथा होतो ते जड. दुसरी परीक्षा किचनमध्ये : तूरडाळ एका शिट्टीने जास्त मागायला लागली, सोडा टाकल्याशिवाय शिजेना, की समजा पाण्यात बोअर शिरली आहे.

जड पाण्याने होतं काय, आणि होत नाही काय

होतं ते सांगतो. गिझरच्या कॉइलवर थर बसतो, वीज जास्त लागते, कॉइल जळते. नळाच्या जाळ्या बुजतात. कपडे मळकट दिसतात, केस चिकट वाटतात. आणि नागपूरकराच्या जिव्हाळ्याचा विषय म्हणजे कूलर. कूलरमधून पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात, मेच्या शेवटी खसच्या जाळ्या दगड होतात. हा सगळा खर्च आहे, वैताग आहे. मान्य.

होत नाही ते आता. भारतीय मानक ब्युरोचं पिण्याच्या पाण्याचं मानक आहे, आयएस १०५००. त्यात एकूण जडपणाची इष्ट मर्यादा २०० मिलिग्रॅम प्रति लिटर, आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालतं. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार, यांची इष्ट मर्यादा ५०० आणि सवलतीची २०००. जागतिक आरोग्य संघटनेने तर जडपणासाठी आरोग्याची म्हणून मर्यादाच घातलेली नाही, कारण पिण्याच्या पाण्यात सापडतो तेवढा जडपणा आरोग्याला घातक असल्याचा पुरावा नाही. उलट कॅल्शियम-मॅग्नेशियम शरीराला लागतंच.

"मग किडनी स्टोनचं काय?" हा प्रश्न येणारच. विदर्भात स्टोनचे पेशंट भरपूर आहेत, खरं आहे. पण पंचेचाळीस डिग्रीत माणूस दिवसभर घाम गाळतो आणि पाणी पितो तीन ग्लास. लघवी घट्ट होते, खडा धरतो. डॉक्टर पहिला सल्ला देतात तो पाणी भरपूर प्यायचा. नळावरच्या पांढऱ्या थराकडे बोट दाखवून "हेच तुमच्या किडनीत जमतं" असं सांगणारा डॉक्टर नसतो, सेल्समन असतो.

दोन कांड्यांची जादू

त्या सेल्समनबद्दल बोलूच. तुमच्याकडेही आला असेल. टेबलावर दोन ग्लास ठेवतो. एकात तुमचं पाणी, एकात त्याच्या मशीनचं. त्यात धातूच्या कांड्यांचं एक यंत्र बुडवतो आणि बटण दाबतो. मिनिटभरात तुमचं पाणी तांबडं, हिरवट, काळं होतं, वर फेस येतो. त्याचं पाणी स्वच्छच्या स्वच्छ. "पाहा काकू, हे पानी तुम्ही पोराले पाजता!" काकू घाबरतात. काकांचा खिसा हलका होतो.

अहो, तो गाळ तुमच्या पाण्यातला नाही. तो त्या कांडीचा आहे. पाण्यात क्षार असले की वीज वाहते, लोखंडाची कांडी झिजते, गंज पाण्यात उतरतो. आरओच्या पाण्यात क्षारच काढून टाकलेले, म्हणून वीज वाहत नाही, म्हणून काही होत नाही. पुढच्या वेळी तो आला की त्याच्या 'शुद्ध' ग्लासात स्वयंपाकाचं मीठ चिमूटभर टाका आणि म्हणा, आता दाबा बटण. त्याचा चेहरा पाहण्यासारखा होतो.

टीडीएस मीटरही त्याच जातीचं. ते पाण्यातून वीज किती वाहते एवढंच मोजतं. क्षाराचा अंदाज देतं, बस. जंतू मोजत नाही. गटाराचं पाणी मिसळलं का ते सांगत नाही. तुमच्या नळाच्या पाण्यात ड्रेनेजचे चार थेंब पडले तर मीटरचा आकडा हलणारही नाही, आणि घरातलं लेकरू मात्र आठ दिवस दवाखान्यात पडून राहील.

राष्ट्रीय हरित लवादाने मे २०१९ मध्येच पर्यावरण मंत्रालयाला सांगितलं होतं की जिथे पाण्याचा टीडीएस ५०० पेक्षा कमी आहे तिथे आरओवर बंदी आणणारे नियम करा, आणि बाकी ठिकाणी निदान ६० टक्के पाणी वापरात आलं पाहिजे असं पाहा. कारण घरगुती आरओ एक लिटर पाणी देताना साधारण तीन लिटर मोरीत सोडतो. ज्या गावाने २०१९ ला एक दिवसाआड पाणी पाहिलं, त्या गावात आपण पेंचचं शुद्ध करून आणलेलं पाणी मोरीतून पिली नदीला अर्पण करतोय. गंमत बघा : पिली नदी निघते त्याच गोरेवाड्यातून, जिथून आपलं पाणी येतं.

खरी भीती कशाची बाळगायची

आता ज्यासाठी हा सगळा खटाटोप केला तो मुद्दा.

शुद्धीकरण केंद्रातून निघताना पाणी चांगलं असू शकतं आणि तुमच्या ग्लासात येईपर्यंत घाण. मधल्या वाटेवर काय होतं ते समजून घ्या. नळीत चोवीस तास दाब असेल तर गळती झाली तरी पाणी बाहेर जातं, बाहेरचं आत येत नाही. पण पुरवठा दोन तासांचा असेल तर उरलेले बावीस तास नळी रिकामी किंवा अर्धी. शेजारून गटार जातंय. गळक्या सांध्यातून ते आत झिरपतं. दुसऱ्या दिवशी पाणी सुटलं की पहिली दहा मिनिटं तेच तुमच्या टाकीत. त्यात कोणीतरी टिल्लू पंप थेट मेन लाइनला लावलेला असतो. तो पाणी ओढतो तसं आजूबाजूचं सांडपाणीही ओढतो, आणि वाटतो सगळ्या गल्लीला. टिल्लू लावणारे भाऊ, तुम्ही पाणी चोरता एवढंच नाही, शेजाऱ्याच्या घरात गटार पोहोचवता.

हे कागदी भय नाही. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्त्यालगत धायरी, किरकटवाडी, नांदेड गाव या पट्ट्यात गिलेन-बॅरे सिंड्रोमचे रुग्ण एकामागून एक निघाले. हातपाय लुळे पडणारा आजार. कित्येकांना व्हेंटिलेटर लागला, काही जीव गेले. रुग्णांच्या तपासणीत कॅम्पायलोबॅक्टर हा जुलाबाचा जंतू सापडला आणि संशयाची सुई दूषित पाण्याकडे वळली. आणि ऐका : त्याच तपासात त्या भागातले कित्येक खासगी आरओ प्रकल्प, जिथून लोक विश्वासाने कॅन भरून नेत होते, पाणी पिण्यालायक नाही म्हणून महापालिकेने बंद केले. कॅनवर 'मिनरल' लिहिलं होतं, थंडगार होतं, टीडीएस मस्त कमी होता.

बोअरच्या पाण्यालाही जडपणापेक्षा मोठा एक रोग असतो, नायट्रेट. गळक्या ड्रेनेजमधून, शोषखड्ड्यांतून ते भूजलात उतरतं. महाराष्ट्रात भूजलातलं नायट्रेट हा केंद्रीय भूजल मंडळाच्या अहवालांत पुन्हा पुन्हा येणारा विषय आहे. मानकात मर्यादा ४५ मिलिग्रॅम, आणि जडपणासारखी इथे सवलतीची वरची पायरी नाही. तान्ह्या बाळाच्या दुधात असं पाणी गेलं तर रक्ताची ऑक्सिजन वाहायची ताकद कमी होते. उकळून ते जात नाही, उलट पाणी आटतं तसं घट्ट होतं. आपल्या बिल्डिंगीतल्या बोअरचं नायट्रेट कधी तपासलंय? एकदा तरी?

म्हणजे आपण मोजतो ते जे फारसं मारत नाही. आणि जे मारतं ते मोजत नाही.

आरओ लावला आणि गप्प बसलो

आता कडू भाग.

आपल्यापैकी ज्यांना परवडतं त्या सगळ्यांनी मशीन लावलं. वर्षाला फिल्टर बदलायचे पैसे भरतो. तो खर्च आपल्याला 'पाणीपट्टी' वाटत नाही, पण ती पाणीपट्टीच आहे, फक्त महापालिकेऐवजी दुकानदाराला. आणि मशीन लागलं त्या दिवशी आपण तक्रार करायचं सोडलं. नळाला गढूळ पाणी आलं तरी "आपल्याला काय, आपल्याकडे आरओ आहे."

पण सदर म्हणजे फक्त फ्लॅटस्कीम नाही. रेसिडेन्सी रोडच्या शोरूमच्या मागे चार पावलं चाला. खलाशी लाइन आहे, गड्डीगोदाम आहे, मंगळवारी बाजाराच्या मागच्या चिंचोळ्या गल्ल्या आहेत. तिथे एका खोलीत पाच माणसं राहतात, प्लॅस्टिकच्या ड्रममध्ये पाणी भरून ठेवतात, नळी नालीतूनच घरात येते. तुमच्या घरी भांडी घासायला येणारी ताई तिथेच राहते. बाजारात भाजी विकणारी मावशी तिथलीच. त्यांच्याकडे मशीन नाही. त्यांच्या गल्लीत आणि तुमच्या गल्लीत येणारी मेन लाइन मात्र तीच आहे.

पूर्वी एका भागात पाणी घाण आलं तर वकील, प्राध्यापक, डॉक्टर, भाजीवाली, हमाल सगळे एकाच पाण्याने आजारी पडायचे. मग वकील अर्ज लिहायचा, प्राध्यापक पेपरात पत्र धाडायचा, डॉक्टर आकडे द्यायचा, आणि अधिकारी यायचा. आता वकील, प्राध्यापक, डॉक्टर बाजूला झाले. ज्यांचा आवाज वर पोहोचतो त्यांनी आवाज काढणं सोडलं, आणि ज्यांना आवाज काढायचाय त्यांचा वर पोहोचत नाही. व्यवस्थेला याहून सोयीचं काय असेल?

काही जण म्हणतील, "तुम्ही नळाचं पाणी मुळात चांगलं म्हणता, म्हणजे महापालिकेची वकिली करताय." अजिबात नाही. मी म्हणतो स्रोत सौम्य आहे. वाटेत काय होतं त्याचा जाब मागायचाच आहे, आणि जोरात मागायचाय. या शहराने २०११ मध्ये चोवीस तास पाण्याचा करार केला, मार्च २०१२ पासून ऑरेंज सिटी वॉटरकडे पंचवीस वर्षांसाठी काम दिलं. देशभरातली शिष्टमंडळं नागपूर मॉडेल बघायला आली. चोवीस तास पाण्याचं सगळ्यात मोठं कारण चैन नव्हतं, आरोग्य होतं : नळीत सतत दाब राहिला तर घाण आत शिरत नाही. कराराची निम्म्याहून जास्त वर्षं उलटली. तुमच्या नळाला किती तास पाणी येतं ते तुम्हीच सांगा.

"घरात लहान मूल आहे, आम्ही धोका का घ्यावा?" असंही कोणी विचारेल. घेऊच नका. बोअर मिसळणारी टाकी असेल तर आज लगेच मशीन काढा असं मी सांगत नाही. आधी पाणी तपासा. फक्त नळाचं पाणी असेल आणि क्षार कमी असतील तर उकळणं किंवा साधा यूव्ही फिल्टर जंतूंसाठी पुरतो. आरओ असलाच तर त्याचे फिल्टर वेळेवर बदला, कारण आरओच्या टाकीत साठलेल्या पाण्यात क्लोरीन उरत नाही आणि जुन्या फिल्टरवर जंतू मजेत वाढतात.

आणि "बोअर बंद केली तर उन्हाळ्यात प्यायचं काय?" बोअर बंद करू नका, वेगळी करा. वेगळी टाकी, वेगळी नळी. फ्लश, फरशी, गाड्या, झाडं, कूलर. कूलरच्या जाळ्या लवकर खराब होतील, होऊ द्या, पोटात काही जात नाही. आमच्या बिल्डिंगीत तीन मीटिंगा आणि दोन भांडणांनंतर हे झालं. खर्च दर घरी वाटून आला तो एका नव्या आरओच्या किमतीपेक्षा कमी होता.

आता मागायचं काय

एक. आपल्या विभागातल्या पाण्याच्या तपासणीचे निकाल दर महिन्याला, भागाच्या नावासह, लोकांना दिसतील असे लावा. मंगळवारी झोनच्या ऑफिसात, वेबसाइटवर, आणि प्रत्येक जलकुंभाच्या फाटकावर. तारीख, नमुना कुठून घेतला, क्लोरीन किती, गढूळपणा किती, ई-कोलाय आहे की नाही. मानक सांगतं की १०० मिलिलिटर पाण्यात ई-कोलाय एकही नको, आणि उरलेलं क्लोरीन निदान ०.२ मिलिग्रॅम हवं. हे दोनच आकडे भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहा, बाकी आम्ही वाचून घेऊ.

दोन. नमुना शुद्धीकरण केंद्रात नको, लाइनच्या शेवटच्या घरातून घ्या. गड्डीगोदामच्या आतल्या गल्लीतून घ्या. तिथे पास झालं तर सगळीकडे पास.

तीन. पाणी आणि गटाराची नळी एकमेकींना जिथे ओलांडतात, त्या जागांची यादी जाहीर करा आणि कोणती कधी बदलणार ते लिहून द्या.

चार. टिल्लू पंपांवरची कारवाई फ्लॅटस्कीमपासून सुरू करा, झोपडपट्टीपासून नको.

ही काही राजवाड्याची मागणी नाही. पाणीपुरवठा हे महापालिकेचं कायद्याने बांधलेलं कर्तव्य आहे. आणि तपासायला तज्ज्ञ कुठून आणायचे हा प्रश्न निदान नागपुरात तरी कोणी विचारू नये. देशाची पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था, नीरी, १९५८ पासून याच शहरात आहे. केंद्रीय भूजल मंडळाचं विभागीय कार्यालय सिव्हिल लाइन्समध्ये, सदरहून रिक्षाने दहा मिनिटं. राज्याची सार्वजनिक आरोग्य प्रयोगशाळा इथेच. पाण्याच्या विद्वानांच्या गराड्यात बसून आपण आरओवाल्याला विचारतो की पाणी कसं आहे.

आणि आपण काय करायचं

या रविवारी खालच्या टाकीचं झाकण उघडा. बोअरची नळी आत पडते का बघा, फोटो काढा. टाकी शेवटची कधी धुतली ते सेक्रेटरीला विचारा. शोषखड्डा किंवा ड्रेनेजचं चेंबर टाकीपासून किती पावलांवर आहे ते मोजा.

क्लोरीन बघायची ओटी टेस्ट गावोगावचे ग्रामपंचायतीचे पाणीवाले रोज करतात. पाण्यात थेंब टाकले की पिवळं झालं तर क्लोरीन आहे, रंग नाही तर क्लोरीन नाही. खेड्यातल्या शिपायाला जमतं ते आपल्याला जमेल. जंतूंसाठी एचटूएसची बाटली मिळते. पाणी भरून ठेवायचं, एक-दोन दिवसांत काळं पडलं तर ते पाणी पिऊ नका आणि रीतसर लॅबमध्ये नमुना द्या.

मग माहिती अधिकाराचा अर्ज. दहा रुपयांचं तिकीट, जलप्रदाय विभागाच्या नावाने, तीस दिवसांत उत्तर. विचारायचं एवढंच : मागच्या बारा महिन्यांत सदर भागातून किती नमुने घेतले, कोणत्या जागांवरून, किती नापास झाले, आणि नापास झाल्यावर काय केलं. अर्जाचा नमुना मी पहिल्या कमेंटमध्ये टाकतोय. कॉपी करा, नाव बदला, पाठवा. एकाने पाठवला तर फाइलमध्ये जातो. एका भागातून शंभर गेले तर साहेबाच्या टेबलावर जातो.

आणि ग्रुपवर पुढच्या वेळी कोणी विचारलं, "सदरचं पाणी हार्ड आहे का, कोणता आरओ घेऊ?", तर कंपनीचं नाव सांगू नका. त्याला विचारा, "भाऊ, तुझ्या टाकीत किती नळ्या पडतात?"

तुमच्या बिल्डिंगीचं उत्तर खाली लिहा. गल्लीचं नाव लिहा, घर नंबर नको. नळाला किती तास पाणी, टाकीत बोअर आहे की नाही, शेवटची टाकी कधी धुतली. महिनाभरात सदरचा नकाशा आपणच तयार करू. मग तो घेऊन झोन ऑफिसात कोण कोण येतंय, तेही लिहा.